१९६०च्या दशकातील घाटपायथ्याच्या स्टेशनसाठी काळाला धरून डायकास्ट गाड्या कशा निवडाव्यात?

घाटपायथा (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी,

भोर घाटाच्या पायथ्याशी असलेल्या, कर्जतच्या धर्तीवरच्या परंतु काल्पनिक अशा एका स्टेशनाचा लेआउट, म्हणजे छोट्या प्रतिकृतींची मांडणी, मी एचओ (१:८७) प्रमाणात करीत आहे. काळ १९६६ ते १९७० असा निश्चित केला आहे, म्हणजे १५०० व्होल्ट डीसीच्या तारांखाली धावणारी विद्युत इंजिने आणि घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून जोडले जाणारे बँकर, म्हणजे ढकलणारे इंजिन, हे मुख्य दृश्य राहील. रूळ, फलाट, मालधक्का आणि तारांचे खांब यांचे काम पुरे होत आले असून आता स्टेशनाबाहेरचे आवार, टांगा-स्टँड आणि मालधक्क्याकडे जाणारा रस्ता हाती घ्यायचा आहे.

माझ्याकडे डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या गाड्यांचा बऱ्यापैकी संग्रह आहे, पण तो रेल्वेचा विचार करून जमवलेला नाही. त्यात १:४३, १:६४ आणि १:७६ अशी तिन्ही मापे आहेत. यांपैकी काय वापरता येईल, १९७० पर्यंतच्या आवारात नेमक्या कोणत्या गाड्या शोभतील आणि नव्याने काही घ्यायचे झाल्यास पैसे कशावर खर्च करावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. शक्यतो धातूच्याच गाड्या वापराव्यात अशी माझी इच्छा आहे.

मापपट्टी

आधी मापाचा प्रश्न सोडवावा, कारण काळ अचूक साधला आणि माप चुकले तर डोळ्याला पहिल्यांदा मापच खटकते. अँबॅसेडरची लांबी सुमारे ४.३ मीटर होती. तीच गाडी १:८७ मध्ये जवळजवळ ५० मिलिमीटर, १:७६ मध्ये ५७, १:६४ मध्ये ६७ आणि १:४३ मध्ये पूर्ण १०० मिलिमीटर भरते. आपल्या डब्याशेजारी १:४३ची गाडी उभी केली तर ती डब्याच्या खिडक्या झाकून टाकील, त्यामुळे तो सगळा संग्रह कपाटातच ठेवावा. १:६४ बाबतही माझे मत तेच आहे.

१:४३ हे माप लोकप्रिय झाले तेच मुळी रेल्वेमुळे. मेकॅनो कंपनीने १९३३ मध्ये हॉर्नबी या खेळण्यातल्या रेल्वेच्या ओ गेज मापाला पूरक म्हणून ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावाने छोट्या धातूच्या वस्तू आणि गाड्या काढल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांना डिंकी हे नाव मिळाले. ब्रिटिश ओ गेजमध्ये एका फुटाला ७ मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रमाण १:४३.५ येते. डिंकीचे काही जुने साचे पुढे कोलकात्याला आले आणि ‘निकी’ या नावाने भारतात गाड्या निघाल्या. आपल्या संग्रहात त्यांपैकी एखादी असेल तर ती जपावी, पण लेआउटवर ठेवू नये. मॅचबॉक्सच्या जुन्या गाड्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्या ठरावीक आकाराच्या खोक्यात बसाव्यात म्हणून केलेल्या असल्यामुळे मोटार एका प्रमाणात आणि बस त्याहून कितीतरी लहान प्रमाणात असते. अशी प्रत्येक गाडी पट्टीने मोजूनच स्वीकारावी किंवा नाकारावी.

राहता राहिले १:७६. ही गाडी १:८७पेक्षा साधारण चौदा-पंधरा टक्क्यांनी मोठी असते. ती रुळांपासून दूर, लेआउटच्या पुढच्या कडेला, जवळ कोणतेही १:८७चे वाहन किंवा माणूस नसलेल्या जागी ठेवल्यास चालून जाते, कारण जवळची वस्तू मोठी दिसणे डोळ्याला मान्य असते. फलाटाला लागून आणि फाटकावर मात्र १:८७च असावे. तसेही आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आणि एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा आहे. प्रमाणाने पाहिल्यास तो १९ मिलिमीटरहून थोडा अधिक हवा होता. एवढी तडजोड आपण सगळेच रोज करतो, म्हणून पुढच्या कडेला १:७६ची एखादी गाडी वर्ज्य मानण्याचे कारण मला दिसत नाही.

जुनी फियाट

मापपट्टी यांचे गणित मान्य आहे, परंतु १:७६ आणि १:८७ एकाच आवारात असू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीपेक्षाही तिचे दार आणि शेजारी उभा असलेला माणूस फसवणूक उघडी पाडतात. तरीही ज्यांना धातूच हवा आहे त्यांच्यापुढे दुसरा मार्ग फारसा नाही, हेही खरे. १:८७च्या बहुतेक चांगल्या गाड्या जर्मन असून त्या प्लॅस्टिकच्या असतात. वायकिंग, हेर्पा, ब्रेकिना आणि बुश यांच्या प्लॅस्टिकवरचे बारकावे धातूच्या गाडीपेक्षा नेहमीच सरस असतात, म्हणून धातूचा आग्रह आपण सोडावा अशी माझी विनंती आहे. त्यांच्यात एक काम मात्र करावेच लागते, ते म्हणजे डावीकडचे सुकाणू चक्र काढून उजवीकडे बसवणे. ब्रिटिश १:७६च्या गाड्यांना हा त्रास नाही.

आता काळाबद्दल. लेआउटचे वर्ष ठरते ते त्यावरच्या सर्वांत नव्या गाडीवरून. जुनी गाडी कितीही जुनी असली तरी चालते, नवी एकही चालत नाही. १९६८च्या रस्त्यावर १९५०ची मोटार असणे स्वाभाविक होते, किंबहुना आपल्याकडे नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागत असे, त्यामुळे जुनी गाडी दुरुस्त करून चालवणे हाच रिवाज होता. म्हणून आपल्या आवारातल्या निम्म्याहून अधिक गाड्या दहा-पंधरा वर्षे जुन्या दिसाव्यात.

अँबॅसेडर १९५७ मध्ये आली, ती मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली होती. १९६०च्या दशकाच्या आरंभी मार्क टू आली, तिच्या तोंडावरची जाळी चौकड्यांची होती. मार्क थ्री १९७५ची, म्हणजे तिचे तोंड आपल्याला निषिद्ध. तिच्या आधीची लँडमास्टर मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेची होती आणि त्याहीपूर्वी मॉरिस मायनर ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने इथे मिळत असे. ऑक्सफर्ड डायकास्टची १:७६ मधली मॉरिस मायनर सहज मिळते आणि तिला काहीही न करता आपल्या रस्त्यावर उतरवता येते. डॉक्टरांची किंवा एखाद्या वकिलाची गाडी म्हणून ती शोभून दिसेल.

फियाटच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. १९५०च्या दशकातली गोलसर ११००, जिला आपल्याकडे सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणत, ती आपल्या काळात जुनी गाडी म्हणून योग्य आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून ११०० डिलाइट निघू लागली, तीही योग्य. पद्मिनी हे नाव मात्र सत्तरच्या दशकातले, तेव्हा मागच्या डिकीवर ती अक्षरे असलेली गाडी घेतल्यास ती अक्षरे घासून काढावीत. स्टँडर्ड हेरल्ड १९६१ पासून मद्रासला तयार होत होती, तिचीही एखादी प्रतिकृती ठेवण्यास हरकत नाही. जीप हवीच. विलिस जीपची १:७६ची डायकास्ट प्रतिकृती सहज मिळते, आणि सैन्याकडून लिलावात आलेल्या किंवा महिंद्रांनी जुळणी केलेल्या जीपगाड्या त्या काळात सरकारी कचेऱ्यांपासून साखर कारखान्यांपर्यंत सर्वत्र होत्या.

मालधक्का

वरील दोन्ही उत्तरांत मोटारींचाच विचार झाला आहे. स्टेशनाच्या आवाराचे खरे रूप ट्रक, बस आणि बैलगाड्या यांनी घडते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

त्या काळच्या मालधक्क्यावरचा मुख्य ट्रक म्हणजे टाटा-मर्सिडीज. डायम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला १९५४ मध्ये या ट्रकांचे उत्पादन सुरू झाले आणि १९६९ मध्ये करार संपल्यावर बोनेटवरच्या तीन टोकांच्या ताऱ्याच्या जागी टाटांचे ‘टी’ आले. आपला काळ नेमका या सीमारेषेवर आहे! १९६६चा लेआउट असेल तर सर्व ट्रकांवर तारा हवा, १९७०चा असेल तर एखाद्या कोऱ्या ट्रकवर ‘टी’ आणि बाकी सर्वांवर तारा. ब्रेकिनाच्या १:८७ मधील मर्सिडीज एल ३११चे गोल बोनेट याच घराण्यातले असल्यामुळे त्याचा पुढचा भाग जसाच्या तसा वापरता येतो. मागचा जर्मन हौदा मात्र काढून टाकावा. आपल्याकडे चेसिस कारखान्यातून यायची आणि बॉडी स्थानिक सुतार-लोहार बांधायचे, त्यामुळे उंच फळ्यांचा लाकडी हौदा, टपावरचा सामानाचा कठडा आणि काचेच्या वर ‘पब्लिक कॅरियर’ची पाटी हे सगळे स्वतःच करावे लागते. बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि पुठ्ठा एवढ्यावर ते उत्तम होते. वर ताडपत्री टाकायची असल्यास टिश्यूपेपर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ओला असतानाच मालावर बसवावा, म्हणजे दोऱ्यांखालच्या सुरकुत्या आपोआप पडतात. टाटांबरोबर एखादा डॉज किंवा फार्गो आणि लेलँड कॉमेट असावा.

एसटीच्या बाबतीत तयार डायकास्टचा मोह टाळावा. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर धावलेली पहिली बस बेडफर्डच होती, आणि बेडफर्ड ओबीच्या १:७६च्या सुबक प्रतिकृती बाजारात आहेत, म्हणून अनेकांना वाटते की तीच रंगवून एसटी करावी. परंतु त्या प्रतिकृतींवर ब्रिटिश सहलींच्या बसची गोलाकार, मागे उतरती बॉडी असते. आपली पहिली बस लाकडी बॉडीची, निळ्या-चंदेरी रंगाची होती, आणि पुढे महामंडळाच्या बसच्या बॉडी दापोडीच्या कार्यशाळेत बांधल्या जात. त्यांचे सरळ छत, गजांच्या खिडक्या आणि मागची शिडी कोणत्याही विदेशी प्रतिकृतीत नाही. चेसिस, चाके आणि पुढचे तोंड विकतच्या गाडीचे ठेवून बॉडी स्टायरीन प्लॅस्टिकच्या पत्र्यातून बांधणे हाच योग्य मार्ग आहे. आपले पैसे आणि वेळ यावरच खर्च व्हावेत, कारण स्टेशनाबाहेर उभी असलेली एसटी ओळखीची दिसली की प्रेक्षक बाकीच्या दृश्यावर विश्वास ठेवतो.

शेवटी संख्येबद्दल आग्रहाने सांगतो. तालुक्याच्या स्टेशनाबाहेर १९६८ मध्ये दहा मोटारी कधीच नसत. दोन मोटारी, एक जीप, एक एसटी, मालधक्क्यावर दोन-तीन ट्रक, आणि त्यांच्याभोवती भरपूर सायकली, टांगे, हातगाड्या व बैलगाड्या, एवढे पुरेसे आहे. आपल्या लेआउटच्या एका टोकाला नेरळ आणि माथेरानची छोटी गाडी दाखवायचा विचार असेल, तर वर माथेरानात मोटारींना बंदीच आहे, तिथे घोडे आणि हातरिक्षा हव्यात.

घाटपायथा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १:४३ आणि १:६४ बाजूला ठेवले. १:७६च्या मॉरिस मायनर आणि जीप पुढच्या रस्त्यावर ठेवून फलाटाकडच्या आवारात फक्त १:८७ वापरीन. वर्षही आता १९६८ असे एकच ठरवतो, म्हणजे ताऱ्याचा प्रश्न सुटला. दोन शंका उरतात. नंबरप्लेट आणि दुकानांच्या, पंपाच्या पाट्या कशा असाव्यात? आणि कारखान्यातून येणारी डायकास्टची चकाकी कशी घालवावी?

जुनी फियाट

नंबरप्लेटने काळ फार नेमका सांगता येतो. मुंबई राज्याच्या काळातील नोंदणी ‘बीएम’ने सुरू होत असे, महाराष्ट्र झाल्यावर ‘एमआर’ने सुरू होणारी तीन अक्षरे आली. ‘एमएच-१२’ या पद्धतीची पाटी १९८९ पासूनची, ती कुठेही दिसता कामा नये. म्हणून डुक्कर फियाटला ‘बीएम’ आणि डिलाइटला ‘एमआर’ द्यावे. खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पांढरी होती, भाड्याच्या गाडीची पांढरी आणि अक्षरे काळी. हल्लीची पिवळी पाटी ट्रकवर लावू नये. पेट्रोल पंपावर बर्मा-शेल, एस्सो किंवा कॅल्टेक्स हवे, कारण या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण १९७०च्या दशकातले आहे. ब्रिटिश शेलचे रंग असलेला तयार टँकर तसाच वापरू नये, पाटी बदलून घ्यावी. घरच्या जुन्या अल्बममध्ये मोटारीशेजारी उभे राहून काढलेले फोटो असतात, त्यांत पाटी, टायर, कॅरियर असे सगळे स्वच्छ दिसते. असे फोटो अवश्य पाहावेत.

मालधक्का

चकाकीसाठी प्रथम गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावी, काचांवर मास्किंग टेप लावावी आणि मॅट वार्निशचा हलका थर द्यावा. एवढ्यानेच खेळण्याचे रूप निम्मे जाते. त्यानंतर पातळ केलेला तपकिरी रंग दारांच्या फटींत सोडून वरचा पुसून घ्यावा, आणि चाकांच्या कमानींखाली व मडगार्डवर घाटातल्या लालसर मातीची कोरडी पूड ब्रशने लावावी. वायपर फिरतो तेवढा काचेचा भाग स्वच्छ ठेवून बाकी काच धुळकट केली तर गाडी नुकतीच खंडाळ्याहून उतरल्यासारखी दिसते. पूर्ण रंग बदलायचा असल्यास तळाचे रिव्हेट ड्रिलने काढून प्लॅस्टिकच्या काचा आणि आतील भाग वेगळे करावेत, मगच धातूच्या बॉडीवर रंग उतरवण्याचे द्रावण लावावे. ते प्लॅस्टिकला लागले तर काच कायमची खराब होते.

गाडी पक्की करताना फेव्हिक्विकसारखा गोंद वापरू नये. त्याच्या वाफेने काचांवर आतून पांढरी झाक येते आणि ती निघत नाही. डायकास्ट गाडी जड असते, ती सपाट रस्त्यावर नुसती ठेवली तरी हलत नाही. चढावरच्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली मात्र एक दगड ठेवावा. आपले ड्रायव्हर तेच करीत असत.