रक्तदाबयंत्राच्या पडद्यावरील आकड्याची रेषा गायब: दुरुस्ती करावी की नवे यंत्र घ्यावे?

प्रश्न

नमस्कार. आईसाठी घेतलेल्या, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणाऱ्या डिजिटल यंत्राच्या पडद्यावर वरच्या दाबाच्या शेवटच्या आकड्याची मधली रेषा अधूनमधून नाहीशी होते. तिच्याबरोबर शेजारचे एककाचे चिन्हही जाते आणि पडद्याच्या कडेजवळ झाकण दाबले की दोन्ही परत उमटतात. वॉरंटी संपली आहे. हा पडदा बदलून मिळतो का, की यंत्रच टाकून द्यावे?

प्रतिसाद १

दाबल्यावर रेषा परत येते, यावरून काच बहुधा शाबूत असून दोष जोडणीत असावा, असे वाटते. काच आणि सर्किटची पाटी यांच्यामध्ये बहुतेक वेळा एक रबरी पट्टी असते, जिला दुरुस्तीवाले झेब्रा पट्टी म्हणतात. तिच्यात वीज वाहून नेणारे कार्बनयुक्त थर आणि वीज न वाहणारे सिलिकॉनचे थर आलटून पालटून असतात. ती डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली नसते, ती केवळ दाबावर काम करते, त्यामुळे स्क्रू सैल झाले किंवा मध्ये धूळ शिरली की संपर्क तुटतो. एकाच टोकावरून अनेकदा दोन-तीन चिन्हांना संकेत जातो, म्हणून ती एकदमच दिसेनाशी होतात.

बॅटरी काढून झाकण उघडावे, हवेच्या नळीला आणि दाब मोजणाऱ्या भागाला अजिबात हात लावू नये. काचेची कड, पट्टी आणि पाटीवरील संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यावेत. काच बसवताना स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, कारण एकच बाजू जोरात आवळल्यास काच तडकते. पट्टीऐवजी चिकटवलेली पातळ फीत दिसली, तर मात्र ती ओढू नये. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

काच तडकून काळा डाग पसरला असेल, तर ती दुरुस्त होत नाही. अशी काच सहसा त्या-त्या मॉडेलसाठीच बनवलेली असल्याने सुटी मिळणे कठीण असते. त्याच मॉडेलचे दुसरे बंद यंत्र हाती लागले, तरच ती बदलता येते.

प्रतिसाद २

वरील माहिती योग्य आहे, परंतु हे घड्याळ नसून औषधाचा निर्णय ज्यावर अवलंबून असतो ते यंत्र आहे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. 3 किंवा 4 ची मधली रेषा गेली तर आकडा तुटका दिसतो आणि आपण सावध होतो. 8 चा मात्र सरळ 0 होतो, म्हणजे 138 हा दाब 130 असा वाचला जातो आणि कोणाला शंकाही येत नाही. वरची उजवी रेषा गेली, तर 9 चा 5 होतो. यंत्र सुरू करताना अनेक मॉडेलांत क्षणभर सगळ्या रेषा उमटतात. तेव्हा प्रत्येक आकडा पूर्ण 8 दिसतो ना, हे आईंनी दर वेळी पाहावे. दोष आढळल्यापासूनच्या वहीतील 0 ने संपणाऱ्या नोंदी डॉक्टरांना अवश्य दाखवाव्यात. दुरुस्तीनंतर यंत्र दवाखान्यात नेऊन त्यांच्या मोजणीशी ताडून पाहावे, आणि रेषा पुन्हा एकदा जरी गेली, तरी नवे यंत्र घ्यावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आत रबरी पट्टीच आहे आणि पुसून बसवल्यावर सर्व रेषा स्थिर दिसत आहेत. तरीही दवाखान्यात ताडून पाहीपर्यंत आईचा दाब शेजारच्या काकूंच्या यंत्रावर मोजणार आहोत.