छऱ्याच्या बंदुकीचा आवाज कमी करायचाय, शेजारी वैतागलेत (सोलापूर) – मदत हवी आहे

अशोकचौक_माग

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. मुलगी आठवीत आहे, वर्षभर झालं रेंजवर जाते, १० मीटर एअर रायफल. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ आणल्यापासून तर घरात दुसरा विषयच नाही. रेंजवरच्या रायफली पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या), त्या घरी घेणं आपल्या बजेटमध्ये नाही, म्हणून घरच्या सरावाला साधी ब्रेक बॅरल (नळी खाली मोडून स्प्रिंग दाबायची) स्प्रिंगवाली, ०.१७७ इंची छऱ्याची घेतली, कागदपत्रं वगैरे देऊन रीतसर. घरामागं आमची मागाची शेड आहे, चारातले दोन माग विकले त्यामुळं सरळ १० मीटर जागा मोकळी झाली, वर पत्रा, खाली शहाबादी, भिंतीला प्लॅस्टर. मागं काळी भिंत, त्याच्यापुढं लोखंडी पेटी ठेवलीय टार्गेटला.

आता गंमत बघा, या गल्लीत मागाचा खडखडाट चोवीस तास चालायचा तेव्हा कुणाची झोप मोडली नाही. पण पोरीनं पाच-सात शॉट मारले की शेजारच्या मावशी तेलुगूत ओरडत दारात. त्यांच्या दृष्टीनं बंदूक म्हणजे बंदूक. आवाज पण खरंच मोठा आहे, फटाक्यासारखा ठ्ठाक येतो, कधी जास्त कधी कमी.

विचारायचं हे की वेग कमी केला तर आवाज कमी होतो का? म्हणजे स्प्रिंगचे दोन वेढे कापले तर? एक ओळखीचा फिटर कापून देतो म्हणतोय. आणि यूट्यूबवर अमेरिकेतले लोक घरी शिसं वितळवून गोळ्या ओततात, दारू कमी भरतात आणि मोठ्या रायफलीतनं पण टप्प असा आवाज येतो, तसं छऱ्याच्या बाबतीत काही करता येतं का, जड छर्रा घरी ओतून वगैरे? मला यातलं फार कळत नाही, सविस्तर सांगा.

गड्ड्याची_जत्रा

मावशींना एकदा शेंगा चटणी न कडक भाकरी नेऊन द्या, निम्मा आवाज तिथंच कमी होईल 😄

दहा_मीटर

चटणीचं खरंय पण आधी फिटरला थांबवा. स्प्रिंग कापू नका. कापलेलं टोक सपाट बसत नाही, पिस्टन तिरका घासतो, हवा अडवणारं सील जातं, आणि वेग एकसारखा राहायचा बंद होतो म्हणजे पोरीचा ग्रुप (छर्रे एका जागी लागणं) फाटणार आणि ती स्वतःलाच दोष देत बसणार.

आता वेगाचं. आवाज कुठनं येतो ते आधी वेगळं करा. छर्रा आवाजापेक्षा जोरात गेला तर हवेत एक वेगळा कडाका बसतो, तो काही केल्या लपत नाही. २० डिग्रीला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात ४२ डिग्रीला तोच ३५६ च्या आसपास जातो. मॅचच्या रायफलीचा छर्रा साधारण १७० ते १७५ नं जातो, म्हणजे निम्म्यानंच, म्हणून रेंजवर फक्त फट् ऐकू येतं. तुमची स्प्रिंगवाली, बिनलायसन्स गटातली, म्हणजे छऱ्याची ऊर्जा जास्तीत जास्त २० जूलच्या आतली. २० जूल पुरेपूर धरले तरी ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा २७५ च्या वर जात नाही. पण खोक्यावर जे '१२५० फूट' असले आकडे छापतात ते हलक्या अलॉयच्या (मिश्रधातूच्या) छऱ्याचे असतात, ०.३५ ग्रॅमचा छर्रा त्याच २० जूलला ३३८ पर्यंत पोचतो, म्हणजे कडाक्याच्या उंबऱ्यावर. तुम्ही कुठले छर्रे वापरताय?

अशोकचौक_माग

डबीवर अलॉय लिहिलंय, टोकदार आहेत, चमकतात. दुकानदार म्हणाला हे जोरात जातात. बंदुकीसोबत तेच दिले.

दहा_मीटर

झालं. ते ठेवून द्या बाजूला. ती डबी जोर दाखवायला असते, कागदावर मारायला नाही. सपाट डोक्याचे शिशाचे घ्या, वॅडकटर म्हणतात त्यांना, कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात आणि मोजायला सोपं जातं. वजनानं वेग आपोआप खाली येतो, ०.६८ ग्रॅमचा घेतला तर २० जूलला पण २४२ च. पण फार जड घालू नका, स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढच्या दाबलेल्या हवेवर आपटून उसळतो, ०.५० ते ०.५५ मध्ये राहा. तिच्या रेंजवर साधारण तेवढ्याच वजनाचे असतात, हात पण तसाच बसतो.

बाळे_नाका

एक प्रश्न. तुम्ही लिहिलंय कधी आवाज जास्त कधी कमी. शॉटनंतर नळीतनं धूर येतो का? जळकट वास?

अशोकचौक_माग

हो येतो की! पातळसा निळा. मला वाटलं असंच असतं. देताना दुकानातल्या पोरानं नळीच्या मागच्या भोकात तेल सोडलं होतं चांगलं चार थेंब, म्हणाला स्मूथ चालेल.

बाळे_नाका

मग निम्म्या आवाजाचं कारण तेच आहे. पिस्टन हवा एकदम दाबतो तेव्हा ती इतकी तापते की आतलं तेल पेटतं, डिझेल इंजिनात होतं अगदी तेच, आणि नावही तेच आहे, डिझेलिंग. त्यामुळं एक शॉट ३०० च्या वर, पुढचा २५०, कधी कडाका कधी फुस्स. हलका छर्रा आणि डिझेलिंग दोन्ही एकत्र म्हटल्यावर मावशी ओरडणारच. सील पण जळतं यानं. आता तेल अजिबात घालू नका, मागाचं नको, शिलाई मशीनचं नको, खोबरेल तर नाहीच नाही. शिशाचेच छर्रे घालून मारत राहा, हळूहळू जळून संपतं. धूर थांबला नाही तर उघडून साफ करायला द्या, पण बंदुकीच्या माणसाकडं, फिटरकडं नको. आणि छर्रा न घालता उडवू नका, पोरांना सवय असते, हवेची गादी नसली की पिस्टन थेट धडकतो.

विजापूर_रोडकर

मी लायसन्सवाला आहे, .२२ रायफल मारतो, त्यामुळं ओतीव गोळ्यांच्या प्रश्नावर मी बोलतो. ते जे यूट्यूबवर बघताय तो तिकडचा कायदेशीर छंद आहे, शिसं ओतायचं, कमी दारू भरायची, गोळी आवाजाच्या वेगाखाली ठेवायची. बोल्ट ॲक्शनमध्ये पुढची गोळी हातानं भरायची असते म्हणून कमी दाबानं पण काम भागतं. पण त्यात पण खेळ नाही, दारू फारच कमी झाली तर गोळी नळीतच अडकते आणि मागून दुसरी मारली तर नळी फुगते. आपल्याकडं दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली वेगळं लायसन्स लागतं, माझं बाळगायचं लायसन्स त्याला चालत नाही. त्यामुळं तो विषय इथं बंद. आणि गरज पण नाही हो, ५० मीटरवाले, कुसाळे मारतो तो प्रकार, त्यांची .२२ ची मॅच गोळी फॅक्टरीतनंच आवाजाच्या वेगाखाली, ३२०-३३० च्या आसपास येते. कारण शांतता नव्हे, अचूकता. वेगाचा उंबरा ओलांडताना गोळी हलते म्हणून मुळातच खाली ठेवतात.

नळीला पुढं काही नळकांडं बसवून आवाज दाबायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आवाज दाबणाऱ्या उपकरणांकडं कायदा वेगळ्याच नजरेनं बघतो, आठवीतल्या पोरीच्या सरावासाठी तो ताप कशाला.

दहा_मीटर

छर्रा घरी ओतायचं पण सोडा. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, गॅसवर होतं म्हणून लोकांना सोपं वाटतं, पण छऱ्याचं डोकं ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा मापात विकतात, इतक्या बारीक फरकानं ग्रुप बदलतो. तो पातळ स्कर्ट (छऱ्याची मागची पोकळ कड) घरच्या साच्यात येणार आहे का? वर शिशाचा धूर आणि घरात लेकरू.

साखरपेठ_टेरीटॉवेल

सगळे नळीच्याच मागं लागलेत. पेटीचं कुणी बोललंच नाही! मोकळी लोखंडी पेटी, मागं प्लॅस्टरची भिंत, वर पत्रा. छर्रा पेटीवर आपटतो तो आवाज नळीपेक्षा मोठा असतो, आणि पत्र्याखाली तो घुमतो. ताईंनी शेडबाहेर उभं राहून ऐकावं, घरातल्या दुसऱ्या कुणालातरी मारायला लावून. ठ्ठाक दोनदा येतो का बघा, आधी नळी मग पेटी. १० मीटरला फरक अगदी थोडा असतो पण कानाला कळतो.

आता आपण सोलापूरकर, चिंध्यांना काय तोटा? जाड प्लायची पेटी करा, एक हात खोल. त्यात चादरीचे काठ, टॉवेलच्या कटिंगच्या पट्ट्या, जे गादीवाल्याला किलोवर देता ते, पायानं दाबून दाबून ठासून भरा. सैल भरलं तर छर्रा आरपार वाट काढतो. मागं जाड फळी, फळीमागं लोखंडी पत्रा, पुढं पुठ्ठा लावून त्यावर टार्गेट. आवाज धप्प एवढाच येतो. एकाच ठिकाणी मारून मारून मधे पोकळ होतं, मधून मधून उघडून परत ठासायचं. काही लोक न वाळणारी पुट्टी थापतात, ती पण भारी, शिसं त्यातच चिकटून राहतं, पण महाग पडते. आणि शेडमध्ये जुन्या चादरी दोरीवर आडव्या टांगा, विशेषतः ती उभी राहते तिथं आजूबाजूला आणि वर पत्र्याखाली. घुमणं तिथंच मरतं. छताला उघडं ठेवून फक्त बंदुकीवर खर्च करणारे लई बघितलेत.

बाळे_नाका

+१. आणि स्टीलच्या गोल बीबी (बारीक गोळ्या) या पेटीत कधीच मारू नका, मागं पत्र्यावर लागून परत येतात. चष्मा दोघींना, म्हणजे मारणाऱ्याला पण आणि बघणाऱ्याला पण. शेडचं दार आतनं कडी. टार्गेटच्या बाजूचं दार तर सरावाच्या वेळी कुलूपच लावा. आणि केरसुणीनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, शिशाची धूळ उडते. हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

अशोकचौक_माग

मंडळी खूप खूप आभार, अपडेट देतो. (आणि साखरपेठवाले, ताई नाही, मी बाप आहे 🙏) पेटी केली, चिंध्या घरच्याच. चादरी टांगल्या. शिशाचे सपाट ०.५३ वाले आणले. धूर आधी होता तो आता जवळजवळ नाही. बाहेरनं ऐकलं तर धप्प आणि त्याच्या आधी एक बारीक झण्ण असा स्प्रिंगचा. मावशींना शेडमध्ये बोलावून सगळं दाखवलं, पोरीनं त्यांच्यासमोर पाच मारले, त्या म्हणाल्या दुपारी दोन ते चार सोडून काय ते करा. एवढं ठरलंय.

ती झण्ण कमी करायला ग्रीस चालेल का? आणि पोरगी म्हणते रेंजवर शॉटला नऊ-दहा गुण येतात, घरी सात-आठच, बंदूक खराब आहे.

दहा_मीटर

झण्णला जाड चिकट ग्रीस असतं त्यासाठीच बनवलेलं, पण ते स्प्रिंग बाहेर काढून अगदी पातळ लावायचं असतं, सर्व्हिसला जाईल तेव्हाच सांगा, बाहेरनं काही सोडू नका.

बंदूक खराब नाही. स्प्रिंगची बंदूक छर्रा नळीत असतानाच मागं-पुढं हलते, पीसीपी तशी हलत नाही. रेंजवर ती खांद्याला घट्ट दाबत असेल, तसं इथं दाबलं की प्रत्येक वेळी वेगळीकडं उडणार. पुढचा हात मोकळा, तळव्यावर नुसती टेकवून ठेवायची, रोज एकाच जागी. आठ आले तरी खूप आहेत, दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो तो. घरी आकडे लिहूच नका, उभं राहणं, श्वास, खटका एवढंच बघा. टार्गेटचं मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर आहे ना? आणि उजेड किती आहे तिथं? स्पर्धेत टार्गेटवर निदान १५०० लक्स (उजेडाचं माप) असतो, मागाच्या शेडमधला एक पिवळा बल्ब चालायचा नाही.

अशोकचौक_माग

उंची बरोबर आहे, टेपनं मोजली. उजेड मात्र एका ट्यूबचाच, ती पण मागाच्या वर. टार्गेटच्या वर पुढून एलईडी पट्टी लावतो उद्या, तिच्या डोळ्यावर येणार नाही अशी पुठ्ठा आडवा लावून. पट्टी किती वॅटची घ्यावी कुणी सांगेल का?