पुण्यातल्या नवले पुलावरचे अपघात मोजायचे कुठून?

धागाकर्ता
"ब्लॅक स्पॉटची, म्हणजे अपघातप्रवण जागांची, अधिकृत यादी असताना वेगळा अभ्यास कशाला? चालकांना जबर दंड करा, अपघात थांबतील," असे काल येथे कोणी लिहिले आणि ते वाचून राहवले नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या 500 मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा जण दगावले, की तो पट्टा यादीत येतो. नऱ्हे-आंबेगावसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या भागातला नवा चौक तोवर कागदावर निर्धोकच राहतो. शिवाय नवले पुलापाशी धडकणाऱ्या ट्रकचे ब्रेक नव्या कात्रज बोगद्यापासून दरी पूल, स्वामिनारायण मंदिर असा उतार उतरतानाच तापून निकामी होत आलेले असतात. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री येथे एकाच अवजड वाहनाने वाहनांची रांग चिरडली. बातम्यांत 48 वाहनांचा आकडा आला, पण या निकषात तो एकच अपघात.

निवृत्त अभियंता
मोजमाप नको असेल, तर निधी कशाच्या आधारे द्यायचा? उद्या प्रत्येक नगरसेवक आपलीच गल्ली धोकादायक ठरवून घेईल.

वाहतूकदार
दंड, दंड काय लावले आहे? हा उतार मी भरल्या गाडीने कित्येकदा उतरलो आहे. मालक डिझेलचा थेंबाथेंबाचा हिशेब मागतो, म्हणून चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो.

धागाकर्ता
न्यूट्रलमध्ये इंजिनचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. मग बचत कसली?

वाहतूकदार
हे मला शिकवू नका, मालकाला सांगा! गाडी गिअरमध्ये उतरवली म्हणून माझ्या पगारातून पैसे कापले गेले आहेत.

नऱ्हेकर
तुमचे डिझेल राहू द्या, सेवा रस्त्याचे बोला. तो मध्येच संपतो, म्हणून माझ्या वहिनींना मुलाला शाळेत सोडताना कंटेनरच्या पुढ्यात दुचाकी घालावी लागते. गेल्या पावसाळ्यात ट्रकचा आरसा त्यांच्या खांद्याला लागला, मुलगा मागे बसलेला होता. हाड मोडले नाही, म्हणून पोलिसांनी नोंदही घेतली नाही.

निवृत्त अभियंता
तो आरसा कोणत्याही यादीत येणार नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. ई-डार या अपघात नोंदवण्याच्या सरकारी संगणकीय प्रणालीत अक्षांश-रेखांश भरले जातात, तेही धडकेच्या जागेचेच. तरीही निकष मोडीत काढण्यास माझा विरोध कायम आहे. त्याच्या जोडीला बोगद्यापासूनचा संपूर्ण उतार एकच पट्टा धरावा आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद ठेवावी, एवढेच मी मानेन.

वाहतूकदार
मग तपासणीही बोगद्याच्या तोंडाशीच ठेवा, आणि पावती मालकाच्या नावाने फाडा.