सैंधव, दुधी आणि १५०/९४

उंबरठा: वय ४८. मागच्या महिन्यात तपासणीत रक्तदाब १५०/९४ निघाला. डॉक्टर गोळी लिहीत होते, मी तीन महिने मागून घेतले. आता साधं मीठ बंद, सैंधव सुरू. सकाळी दुधीचा रस, लसणाच्या दोन पाकळ्या. आईची गोळी वीस वर्षांत सुटली नाही, मला त्या वाटेला जायचंच नाही. जेवण सुधारलं की गोळी लागत नाही, हे माझं ठाम मत. पटत नसेल तर बोला.

खडीसाखर: सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच हो! गुलाबी दिसलं म्हणून सोडियम कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. म्हणजे चौघांच्या घरात किलोचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. आमचा महिन्याच्या आत संपायचा, आणि लोणचं-पापड-फरसाण त्यात धरलेलंच नाही. दुधी मात्र जपून. कडू लागला तर घोटभरही पिऊ नका, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

रानवाट: सैंधवाचं मान्य, पण उंबरठा यांचा मुद्दा खोटा नाही. १९९७ साली अमेरिकेत 'डॅश' आहाराची चाचणी झाली. भरपूर फळं-भाज्या, कमी सायीचं दूध. मीठ तेवढंच, वजनही तेवढंच ठेवलं, तरी रक्तदाब वाढलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ने उतरला, आठ आठवड्यांत. हे सांगायला डॉक्टरांना वेळ नसतो, गोळी लिहायला दोन मिनिटं पुरतात.

खडीसाखर: त्या लोकांना आठही आठवडे जेवण शिजवून दिलं जात होतं. आपल्याकडे लग्नसराईत करून दाखवा. शिवाय १५०तून ११ गेले तर १३९, ठीक. १७५ वाल्याने काय करायचं? माझ्या सासऱ्यांनी "काही त्रासच नाही" म्हणत गोळी परस्पर सोडली. आठ महिन्यांनी पक्षाघाताने उजवा हात गेला. त्रास होत नाही हीच तर यातली मेख आहे.

रानवाट: गोळी सोडा असं मी कुठे म्हटलं? सुरू करण्याआधी संधी द्या म्हणतोय.

ताकपोहे: मधेच घुसतो. पोटॅशियमवालं मीठ बघा, त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. चीनमध्ये सहाशे गावांत ते वापरून पाहिलं, २०२१मध्ये निकाल आला, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. पण तिथले बहुतेक जण गोळ्याही घेत होते. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नका, रक्तातलं पोटॅशियम वाढतं.

उंबरठा: दुधी बंद केला. मशीन आणलंय, पाच मिनिटं शांत बसून दोनदा मोजतो. आज १४६/९२. मत अजून तेच, पण मुदत तीनच महिन्यांची, त्यानंतर डॉक्टर म्हणतील तसं. पापड घरात नको म्हटलं तर आईने डबा उचलून तिच्या खोलीत नेला.