शब्दचर्चा : ‘कॅरी’साठी ‘हातचा’ हा शब्द चालेल का?

प्रश्न

मी तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. बेरीज करणारा परिपथ शिकवताना ‘कॅरी’, म्हणजे एका घरातून पुढच्या घरात न्यायचा अंक, हा शब्द पदोपदी येतो. माझ्याकडे आलेल्या मराठी टिपणांपैकी एकात त्याला ‘वहन’ म्हटले आहे, तर दुसऱ्यात ‘वाहक अंक’. गेल्या आठवड्यात मी बोलण्याच्या ओघात ‘हातचा’ म्हणाले आणि वर्गाला मुद्दा तत्काळ कळला. मात्र तास संपल्यावर एका सहकाऱ्यांनी शंका काढली की हा तिसरीतल्या मुलांचा शब्द आहे, तो अभियांत्रिकीच्या वर्गात शोभत नाही. जाणकारांनी आपले मत द्यावे.

उत्तर

शोभतो, आणि माझ्या मते या ठिकाणी दुसरा कोणताही शब्द वापरू नये. आपले सहकारी एक गोष्ट विसरतात. इंग्रजी शाळेतले मूल बेरीज शिकताना जो शब्द उच्चारते, तोच ‘कॅरी’ हा शब्द पुढे परिपथाच्या आकृतीवर जाऊन बसला आहे. त्या भाषेत प्राथमिक शाळेतला शब्द अभियंत्याला चालतो, तर मराठीतच तो हलका का ठरावा, याचे कारण मला सापडलेले नाही.

आता ‘वहन’ आणि ‘वाहक’ या शब्दांकडे पाहू. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन प्रकार विद्यार्थी शाळेतच शिकलेले असतात, आणि विजेचा ‘वाहक’ म्हणजे तांब्याची तार हेही त्यांना पक्के ठाऊक असते. ज्या वर्गात वाहक, अर्धवाहक आणि विद्युतधारा यांची चर्चा रोजच चालते, त्याच वर्गात बेरजेच्या उरलेल्या अंकालाही ‘वाहक’ म्हणणे म्हणजे हाताने घोटाळा ओढवून घेणे होय. मूळ इंग्रजी क्रियापदाचा कोशातला पहिला अर्थ उचलून त्यावर संस्कृत धातूचे रूप चढवले की पारिभाषिक शब्द तयार होतो, हा समज आपल्याकडे फार रुजला आहे. त्यामुळे भाषेत आधीपासून असलेला नेमका शब्द पुष्कळदा नजरेतून सुटतो.

‘हातचा’ शब्दाची घडण ‘घरचा’, ‘कालचा’, ‘गावचा’ यांच्यासारखीच आहे. ते मुळात विशेषण आहे आणि गणितात ते नाम झाले आहे. त्याचा अर्थ उघड आहे : जो अंक या घरात लिहिता येत नाही आणि पुढच्या घराची बेरीज करेपर्यंत जो हातात ठेवायचा, तो हातचा. ‘हातचे राखून बोलणे’ या वाक्प्रचारातही हीच छटा आहे. सगळे खर्ची न घालता काही आपल्यापाशी ठेवणे, असा त्याचा भाव. ‘कॅरी’ शब्दात अंक उचलून पुढे नेण्याची क्रिया दिसते, तर ‘हातचा’ म्हटल्यावर तो अंक मधल्या क्षणी कुठे आहे ते दिसते. संगणकाच्या दृष्टीने हा दुसरा अर्थ अधिक जवळचा आहे, कारण प्रोसेसरमध्ये तो अंक खरोखरच एका स्वतंत्र बिटमध्ये, म्हणजे 0 किंवा 1 साठवणाऱ्या जागेत, जपून ठेवलेला असतो.

वर्गात याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 हे अंक वापरून, 0111 आणि 0011 यांची बेरीज करायची आहे. फळ्यावर मी ती शाळेतल्या चालीवरच म्हणतो : एक आणि एक दोन, दोनाचे ‘एक-शून्य’, शून्य लिहिला, हातचा एक. पुढच्या घरात एक आणि एक दोन, हातचा एक धरून तीन, तिनाचे ‘एक-एक’, एक लिहिला, हातचा एक. पुढच्या घरात एक आणि शून्य, हातचा धरून दोन, शून्य लिहिला, हातचा एक. शेवटच्या घरात नुसता हातचा. उत्तर 1010, म्हणजे सात आणि तीन मिळून दहा. एवढे झाल्यावर हाफ ॲडर आणि फुल ॲडर या बेरीज करणाऱ्या दोन परिपथांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या घरात मागून हातचा येत नसतो, म्हणून तिथे दोन अंकांचा हाफ ॲडर पुरतो. पुढच्या प्रत्येक घरात दोन अंक आणि मागचा हातचा अशा तिघांची बेरीज असते, म्हणून तिथे फुल ॲडर लागतो. प्रयोगशाळेत 7483 या चार बिटांच्या दोन चिप जोडून आठ बिटांची बेरीज करवून घेताना मी एवढेच सांगतो की पहिल्या चिपचा हातचा दुसऱ्या चिपच्या हाती द्या. त्यावर कोणती तार कुठे जोडायची हे विद्यार्थी स्वतःच शोधतात.

शब्द ओळखीचा असला की त्याच्या आधाराने प्रश्नही विचारता येतात. नऊशे नव्याण्णवात एक मिळवताना हातचा प्रत्येक घर ओलांडत शेवटपर्यंत जातो, हे सर्वांनी अनुभवलेले असते. तसेच 1111 मध्ये 0001 मिळवताना परिपथात घडते, आणि प्रत्येक ॲडरला मागच्याचा हातचा येईपर्यंत थांबावे लागते. बिटांची संख्या वाढली की हा खोळंबाही वाढतो. मग एखादा विद्यार्थी आपणहून विचारतो की हातचा येणार की नाही हे आधीच ओळखता येणार नाही का. हा विचार फार जुना आहे. फ्रेंच गणितज्ञ पास्कलने 1642 मध्ये करायला घेतलेल्या गणनयंत्रात चाक फिरत असताना एक वजन हळूहळू उचलले जाई, आणि नवावरून शून्यावर येताच ते खाली पडून पुढच्या चाकाला एक घर ढकलत असे. इंग्रज गणितज्ञ बॅबेज यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या ॲनॅलिटिकल एंजिन या नियोजित गणनयंत्रासाठी सगळ्या घरांतले हातचे आधीच हेरणारी रचना आखली, कारण यंत्राचा पुष्कळ वेळ हातचा पुढे सरकवण्यात जातो हे त्यांनी ओळखले होते. आजचे वेगवान ॲडर याच तत्त्वावर चालतात.

शंका

बेरजेपुरते हे पटते. परंतु इंग्रजीत वजाबाकीसाठी ‘बॉरो’ हा वेगळा शब्द आहे. मराठीत त्यासाठी ‘उसना’ म्हणावे का? आणि हातचा नोंदवणाऱ्या प्रोसेसरमधल्या बिटला, म्हणजे ‘कॅरी फ्लॅग’ला, काय म्हणावे?

उत्तर

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या शाळेत ‘हातच्याची बेरीज’ असते तशी ‘हातच्याची वजाबाकी’ही असते. दोन्हीकडे शब्द एकच. माझ्या लहानपणी बेचाळीसातून सतरा वजा करताना आम्ही असे म्हणत असू : दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक, खालचा एक आणि हातचा एक दोन, चारातून दोन गेले दोन, उत्तर पंचवीस. आता इंटेलच्या 8085 या प्रोसेसरची ‘एसबीबी’ ही आज्ञा पाहा. ती पहिल्या संख्येतून दुसरी संख्या वजा करते आणि त्याबरोबरच मागच्या पायरीचा हातचाही वजा करते. म्हणजे रीत तीच आहे. शिवाय 8085 मध्ये बेरजेचा कॅरी आणि वजाबाकीचा बॉरो एकाच फ्लॅगमध्ये ठेवला जातो. इंग्रजीत शिकणाऱ्याला एकाच बिटला दोन नावे का, असा प्रश्न पडतो. मराठीत तो पडायला नको. म्हणून ‘उसना’ शब्द चुकीचा नसला, तरी मी दोन्हीकडे ‘हातचा’च वापरतो.

येथे एक सावधगिरी हवी. 6502 किंवा एआरएम या प्रोसेसरांत वजाबाकीच्या वेळी हा बिट उलटा वाचावा लागतो. तिथे तो 1 असला तर हातचा घेतलेला नाही, आणि 0 असला तर घेतलेला आहे. हे न सांगता मुलांना नुसते ‘हातचा’ म्हणून पुढे नेले, तर आपण त्यांची दिशाभूल करू.

दुसरी सावधगिरी ‘ओव्हरफ्लो’ची, म्हणजे उत्तर ठरलेल्या बिटांत न मावण्याची. हातचा बाहेर पडला म्हणजे उत्तर चुकले, असे विद्यार्थी गृहीत धरतात. चार बिटांत ऋण संख्या संगणकातल्या रूढ रीतीने, म्हणजे दोनाच्या पूरकाने (टूज कॉम्प्लिमेंट), मांडल्यास 1111 म्हणजे उणे एक. त्यात 0001 मिळवल्यावर हातचा बाहेर पडतो, पण उरलेले 0000 हे उत्तर अचूक असते. उलट 0111 मध्ये 0001 मिळवल्यावर हातचा बाहेर पडत नाही, तरी सात अधिक एकाचे उत्तर उणे आठ येते. या दुसऱ्या प्रकाराला मी ‘उत्तर मावले नाही’ असे म्हणतो. त्याला ‘हातचा’ म्हणू नये.

राहिला कॅरी फ्लॅग. बोलताना ‘हातच्याची खूण’ म्हणावे आणि लिहिताना ‘हातच्याचा फ्लॅग’. ‘फ्लॅग’ शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे, तो बदलण्याची गरज मला वाटत नाही. सामान्यरूप मात्र सांभाळावे : हातचा, हातच्याला, हातच्यात, हातच्याचा. ‘हातचाचा’ असे रूप उत्तरपत्रिकांत आढळते, ते दुरुस्त करावे. अनेकवचनाची पंचाईत इथे होत नाही. गुणाकारात आपण ‘नऊ आठे बहात्तर, हातचे सात’ असे म्हणतो, पण दोनच संख्यांची बेरीज असेल तर कोणत्याही पद्धतीत हातचा एकाहून मोठा होत नाही, कारण दशमान पद्धतीत नऊ, नऊ आणि हातचा एक मिळून एकोणीसच होतात. एका बिटमध्ये तो नेहमी मावतो, तो याच कारणाने.

परीक्षा इंग्रजीत असेल तर पहिल्या तासाला फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहावेत आणि आकृतीवरची अक्षरे इंग्रजीतलीच ठेवावीत. तोंडी समजावताना मात्र ‘हातचा’ सोडू नये.