मॉलमधली स्वस्त सायकल मुलीसाठी घ्यावी का? (कोपरखैरणे ते वाशी, रोजच्या वापरासाठी)

खाडीवारा

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहितेय, कारण मागच्या खेपेला कुणाला न विचारता सायकल घेतली आणि ती चूक लेकीला भोगावी लागली.

मुलगी यंदा नववीत जाईल. जूनपासून तिचा क्लास वाशीला, आम्ही राहतो कोपरखैरण्यात. जायचं चार किलोमीटर, यायचं चार. शेअर रिक्षा आहे, पण संध्याकाळी सातच्या सुमाराला ती मिळेल तेव्हा मिळते. लेकीला सायकलच हवीय आणि मलाही मनापासून वाटतं की तिने सायकलने जावं. रस्ता सपाट आहे, आतल्या सेक्टरांतून गेलं तर ठाणे-बेलापूर रोडला जायची गरजच नाही. एपीएमसीच्या (घाऊक बाजाराच्या) ट्रकांची भीती आहे, पण तो भाग टाळता येतो.

बजेट आठ हजार, ओढूनताणून साडेआठ. एका मॉलमधल्या मोठ्या स्टोअरमध्ये शाळेच्या ऑफरमध्ये २६ इंची सायकल ७,४९९ ला आहे. २१ गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, पुढे शॉकर, जाड टायर. आमच्या सेक्टरमधल्या सायकलवाल्याकडे साधारण त्याच पैशात बिनगिअरची, साध्या रबरी ब्रेकची, दिसायला अगदीच साधी. लेकीचा जीव पहिलीवर. दीर म्हणतात, एवढ्या पैशात एवढं सगळं कोण देतं, घेऊन टाका. आमच्या ह्यांचं म्हणणं, काय घ्यायची ती सायकलवाल्याकडूनच घे.

आता मागचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मोठ्या दुकानातून ५,२०० ची सायकल घेतली होती. तिथल्या मुलाने आमच्यासमोर दहा-बारा मिनिटांत हँडल, पुढचं चाक आणि पेडल बसवून दिली. तिसऱ्या आठवड्यात डाव्या पेडलमधून कट कट आवाज यायला लागला. मला वाटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. त्या शनिवारी सोसायटीमागच्या चढावर ती उभी राहून पेडल मारत होती आणि पेडल निखळून पायाखालून गेलं. हनुवटीला तीन टाके पडले. अजून वेणी घालताना आरशात बघत तिचं बोट त्या खुणेवर जातं, ते मला दिसतं. दुकानात गेलो तर पेडलला वॉरंटी नाही म्हणाले. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने पेडलचं भोक दाखवलं. आतले आटे पार सोललेले होते आणि धातूचा चुरा बोटाला लागत होता.

तर स्वस्त सायकल असते तरी घेण्यासारखी का? की माझीच गेल्या वेळची सायकल तेवढी खराब निघाली? घेताना नेमकं काय बघायचं? पंधरा-वीस हजारांची घ्या, असं कृपया सांगू नका, ते आत्ता शक्य नाही.

घणसोलीकर

माझा अनुभव चांगला आहे म्हणून लिहितो. मुलासाठी अशीच मॉलमधून घेतली होती, तीन वर्षं झाली, अजून चालू आहे. पण तो सोसायटीच्या आवारातच फिरवतो, फार तर बागेपर्यंत. पावसाळ्यात ती पार्किंगमध्येच असते. रोज आठ किलोमीटर चालवली असती तर काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही. ब्रेक मात्र आणल्या दिवसापासून घासतोय. दोनदा दुरुस्त करून घेतला, आता नाद सोडला.

पाना_पक्कड

ताई, मी ठाण्याच्या नौपाड्यात राहतो. वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून तीस वर्षं काढली, सायकली हौसेने दुरुस्त करतो. तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, कारण हा अपघात टळण्यासारखा होता.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं पेडल नेहमीसारखं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळायचं, डावं त्याच्या विरुद्ध. चालवताना पेडल आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ही रचना. पेडलच्या दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं. नीट बसवणारा माणूस आधी आट्यांना ग्रीस लावतो, पेडल बोटांनी फिरवत आत घालतो आणि शेवटीच पाना लावतो. घाईत थेट पाना लावला की पेडल तिरकं शिरतं. पेडलचा दांडा पोलादी, क्रँक (पेडल ज्यात बसतं तो हात) ॲल्युमिनियमची, त्यामुळे पोलाद स्वतःची वाट कापत आत जातं. वरून अगदी घट्ट वाटतं. मग काही दिवसांनी कट कट आवाज सुरू होतो. तो आवाज आला की त्या क्षणी उतरायचं, एवढं मुलीला शिकवून ठेवा. नव्या सायकलने असा आवाज करायचा नसतो.

खोक्यातून येणारी सायकल ८५ टक्के जोडलेली असते, उरलेलं दुकानात जोडतात. सगळी मेख त्या उरलेल्यात आहे. ब्रेक, हँडल, पेडल, पुढचं चाक, म्हणजे माणसाचा जीव ज्यावर असतो ते सगळं त्यातच येतं. मी तर नव्या सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, उलटा बसवलेला पाहिलाय. चाकाची आस हँडलच्या रेषेच्या थोडी पुढे असायला हवी. चिमटा उलटा असला की चाक मागे सरकतं आणि वळताना बुटाचं टोक टायरला लागतं. विकत घेणाऱ्याला कळत नाही, त्याला वाटतं ही सायकल जरा अवघडच आहे.

आता तुमच्या दोन सायकलींकडे येतो. सात-साडेसात हजारांत फ्रेम, चाकं आणि बेअरिंग तर द्यावीच लागतात. त्याच पैशात गिअर, डिस्क आणि शॉकरही द्यायचे तर कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. तो घेतला जातो स्पोकमध्ये, छर्‍यांमध्ये, ग्रीसमध्ये, जिथे गिऱ्हाईकाची नजर जात नाही. शॉकर म्हणजे नळीत घातलेली स्प्रिंग, तिने सायकलचं वजन किलो-दीड किलोने वाढतं आणि पेडल मारताना थोडा जोर ती खाली-वर होण्यात जातो. २१ गिअर म्हणजे पुढे तीन चकत्या, मागे सात. कोपरखैरणे-वाशी रस्त्यावर त्यातले दोन-तीन वापरले जातील. आमच्या ठाण्यातला येऊरचा चढ रोज चढायचा असता तर मीच गिअरची घ्या म्हणालो असतो. डिस्क ब्रेक वाईट नसतो, पण स्वस्तातला केबलवरचा डिस्क ब्रेक सतत लक्ष मागतो. चकती जराशी वाकली तरी घासते, सैल करावं तर धरत नाही.

साध्या सायकलमध्ये मात्र एक गोष्ट नक्की बघा. रिम स्टीलची आहे की ॲल्युमिनियमची? ओल्या स्टीलच्या रिमवर रबर नुसतं सरकतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय परिस्थिती असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. ॲल्युमिनियमची रिम पावसात पुष्कळ बरी धरते. दोन्ही चकचकीत असतात, डोळ्यांना फरक कळत नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकून जा. रिमला चिकटलं तर स्टील.

माझ्या वडिलांची ॲटलास अजून घरात आहे. २८ इंची चाकं, दांड्याचे ब्रेक, कॉटरची क्रँक, वजन वीस किलोच्या आसपास. तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नव्हतंच, आणि जे होतं ते गल्लीतल्या कुणालाही दुरुस्त करता यायचं. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनी. बातमी वाचली आणि त्या दिवशी मी ती सायकल पूर्ण उघडून नव्याने ग्रीस भरलं.

रानवाट

वरचा प्रतिसाद वाचून आठवलं. अमेरिकेतल्या सायकल मेकॅनिकांनी २०२२ च्या सुमाराला तिथल्या मोठ्या साखळी दुकानांतल्या स्वस्त सायकलींविरुद्ध सह्यांची मोहीम काढली होती. त्यांचं म्हणणं, यातल्या कित्येक सायकली ७५ ते ९० तास चालवल्या की मोडकळीला येतात आणि त्यांची दुरुस्ती किमतीपेक्षा महाग पडते. किमान ५०० तास टिकेल अशीच सायकल बनवा, ही त्यांची मागणी होती. त्या सायकली वेगळ्या, आपल्या वेगळ्या, पण तासांत मोजायची पद्धत मला पटली.

खाडीवारा, तुमचा हिशेब करून बघा. जाऊन-येऊन रोज पाऊण तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला साडेचार तास. ९० तास वीस आठवड्यांत संपतात. जूनच्या मध्यावर घेतली तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. घणसोलीकरांच्या मुलाला तेवढेच ९० तास व्हायला दोन-तीन वर्षं लागत असतील, म्हणून तुम्हा दोघांचे अनुभव वेगळे आहेत.

खाडीवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाना_पक्कड काका, तुमचा प्रतिसाद मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. पेडलच्या भागाशी आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी जोरात मारलं म्हणून नाही ना तुटलं?" दोन वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल काय बोलू.

रानवाट, वीस आठवड्यांचा हिशेब ह्यांना दाखवला, दिरांनाही पाठवला. शनिवारी आम्ही दोघी चुंबक घेऊन दोन्हीकडे जाणार आहोत. आणखी काही बघायचं असेल तर तेवढ्यात सांगा.

पाना_पक्कड

पुढचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघत राहा, चाक डावीकडे-उजवीकडे डुलत असेल तर आऊट आहे. दोन्ही क्रँक हाताने आत-बाहेर हलवून बघा, अजिबात हलता कामा नयेत. सैल क्रँक तशीच चालवली की तिचं चौकोनी भोक झिजतं, मग कितीही आवळली तरी बसत नाही. शेजारशेजारचे दोन-दोन स्पोक चिमटीत दाबा, सगळीकडे साधारण सारखा ताण लागला पाहिजे. आणि जिथून घ्याल तिथे आधीच ठरवून घ्या, पंधरा दिवसांनी सगळं परत आवळून मिळेल का? नव्या सायकलच्या केबल ताणतात, स्पोक बसतात, त्यामुळे हे एकदा करावंच लागतं.

घणसोलीकर

पक्कं बिलही घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. आठ हजार मूळ किंमत धरली तर ५६० रुपयांचा फरक पडतो. तेवढ्यात कुलूप आणि मागचा लाल दिवा येईल. संध्याकाळी सातला परतायचं म्हणजे दिवा हवाच.

खाडीवारा

जाऊन आलो. आधी मॉलमध्ये. लेकीने चुंबक रिमजवळ नेलं आणि ते टक्कन चिकटलं. डिस्क ब्रेकवाल्या सायकलला रिमचा प्रश्न नाही हे मला कळतं, पण पुढचं चाक फिरवलं तर चकती प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी घासत होती. डावी क्रँक हाताने हलली. मांडून ठेवलेल्या चार सायकलींपैकी दोघींचं असंच. तिथल्या मुलाला विचारलं, तर तो बिचारा खरं बोलला. खोकी सकाळी येतात, दुपारपर्यंत सगळ्या उभ्या करायच्या असतात, आणि शिकवलं कुणीच नाही. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, पण माझी मुलगी मी त्या सायकलवर बसवणार नाही.

मग सायकलवाल्याकडे. गडद निळी, बिनगिअरची, मडगार्ड, चेनकव्हर आणि स्टँड. चुंबक रिमवरून सरळ घसरून खाली पडलं. मी मागचा किस्सा सांगितला तर त्यांनी डबीतलं ग्रीस बोटावर घेतलं आणि पेडल लेकीच्याच हातात दिलं. "उलटं फिरव, बोटानेच. अडकलं तर जोर लावायचा नाही, बाहेर काढायचं." पहिल्यांदा अडकलं. तिने काढलं, पुन्हा लावलं, आणि मग ते गरगरत शेवटपर्यंत आत गेलं. शेवटचा पाना त्यांनी मारला. बिलासकट ८,३५० पडले. पंधरा दिवसांनी मोफत आवळून देणार आहेत, बिलाच्या मागे तसं लिहून घेतलंय.

गिअर नाहीत म्हणून पहिले दोन दिवस ती जरा गप्प होती. काल मात्र शेजारच्या मुलाच्या सायकलचं डावं पेडल तपासून आली.

आता एकच शंका. आमच्या सोसायटीत सायकली ठेवायच्या जागेवर छप्पर नाही, आणि खाडीच्या खारट हवेने खिडकीचे गजसुद्धा वर्षभरात गंजतात. पावसाळ्यात सायकलवर प्लास्टिकचं कव्हर घालावं, की त्याने ओल आत कोंडून चेन जास्तच गंजेल? लिफ्टमध्ये न्यायला कमिटीची परवानगी नाही आणि आम्ही पाचव्या मजल्यावर आहोत.