पटावर ठरणारे शाळा अनुदान

प्रश्न (पालक, पेठ तालुका): आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, 28 आहे. समग्र शिक्षा या केंद्र पुरस्कृत योजनेतून 30 पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान मिळते; वीजबिल, खडू आणि पावसाळ्यात गळणारी कौले यांना ते कसे पुरावे?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, नाशिक रोड): पुरत नाही. पट 30च्या पुढे गेला की मर्यादा 25,000 होते, परंतु छप्पर पट पाहून गळत नाही. दुरुस्तीचा स्वतंत्र प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह जिल्हा परिषदेकडे पाठवावा.

उत्तर (शिक्षिका, सिन्नर): संयुक्त अनुदानातलेही किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी राखावे लागतात. समितीत 75 टक्के पालकच असतात, तेव्हा ठराव आपणच मांडावा आणि पोच मागून घ्यावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, गळक्या वर्गाची छायाचित्रेही जोडतो.